रेडिओवर देऊन टाकलेला शॉर्टस्टॉप

व्हर्ना स्टेनबर्ग एल्क फोर्डच्या शाळेत एकतीस वर्षं स्वयंपाकीण होती. चारशे पोरांच्या ताटांत कुस्करलेले बटाटे वाढता वाढता, कोण खाणार आणि कोण टाकणार हे तिला पोराच्या नुसत्या चालण्यावरून कळायला लागलं होतं. बेसबॉलकडेही ती त्याच नजरेने बघायची.

एल्क फोर्डचा संघ खालच्या पायरीवरचा. मोठा संघ शहरात, आणि तो आपली कोवळी पोरं तयार व्हायला इथे पाठवायचा. दर उन्हाळ्याला पंचवीस यायची. त्यातली दोन वर पोहोचली तर गाव म्हणायचं, यंदा पीक बरं आलं. व्हर्नाच्या उभ्या आयुष्यात मोठ्या संघाने एकदाही अजिंक्यपद जिंकलं नव्हतं, आणि तिच्या मते त्याचं कारण एकच होतं: मालकांचा पोरांवरचा न सुटणारा लोभ.

"जूनमध्ये सगळ्यांचाच मका हिरवा असतो," ती म्हणायची. "तो तसा दिसतोय तोवर दुसऱ्याला देऊन टाका आणि चेंडू टाकणारा खरा, पिकलेला पिचर घरी आणा. पोरांचे खांदे निखळतात, गुडघे जातात, कुणी प्रेमात पडून घरी निघून जातो. पिचर आज पाहिजे. अजिंक्यपद ऑक्टोबरमध्ये ठरतं."

तिचा नवरा हार्लन नेमका उलटा. धान्याच्या कोठारावर तो वजनकाट्याशी बसायचा. माणूस शांत. "विकत आणलेला संघ म्हणजे भाड्याचं घर," एवढंच म्हणायचा. "भिंतीत खिळा ठोकायलासुद्धा हात धजत नाही." त्याने एक जाड वही घातली होती. गावात आलेल्या प्रत्येक होतकरू पोराला त्यात एक पान, आणि पानाच्या तळाशी दोन रकाने: एक त्याचा, एक तिचा. त्याच्या रकान्यात नेहमी 'ठेवावा', तिच्यात नेहमी 'द्यावा'. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांचं याहून मोठं भांडण झालं नाही, आणि हे काही मिटलं नाही.

हार्लन गेल्यावर घर खायला उठलं. त्याच वसंतात चर्चच्या फलकावर चिठ्ठी लागली: खेळाडूंसाठी हंगामापुरती राहायची सोय हवी. इथली ही जुनी पद्धत आहे. पोरांना मिळतं तेवढ्यात भाडं परवडत नाही, म्हणून गावातली घरं त्यांना पोटच्या पोरांसारखी ठेवून घेतात. व्हर्नाने माडीवरची खोली झाडली. नऊ वर्षांत दहा पोरं येऊन गेली. एकाने तिचं गवत कापायचं यंत्र तळ्यात घातलं, एकाने तिला पोहायला शिकवलं. प्रत्येकाला तिने वहीत पान दिलं, आणि प्रत्येकाखाली न चुकता लिहिलं, 'द्यावा'. शेजारचा रकाना कोरा राहायचा.

अकरावा आला योर्विस अरिएचे. व्हेनेझुएलाचा, वीस वर्षांचा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली जागा राखणारा. पहिल्या दिवशी त्याला इंग्रजीतले चार शब्द येत होते आणि त्यातले दोन पंचांना सांगण्यासारखे नव्हते.

"रेडिओ ऐक," व्हर्नाने हार्लनचा जुना ट्रान्झिस्टर त्याच्या हातात ठेवला. "सारखा ऐक. कळो न कळो, मागोमाग बोलत राहा."

पोरगा आज्ञाधारक. पण सकाळी आमच्याकडच्या रेडिओवर लागतात बाजारभाव. महिन्याभरात योर्विस जिना उतरताना खड्या आवाजात म्हणायला लागला, "गुड मॉर्निंग, डोन्या व्हर्ना! सोयाबीन तेजीत, डुकरं स्थिर!" मग तो मक्याच्या पिठाच्या जाड भाकऱ्या तव्यावर टाकायचा, ती अंडी फोडायची, आणि दोघं काल रात्रीचा सामना टेबलावरच्या मिठाच्या डब्यांनी पुन्हा खेळायचे. 'डोन्या' म्हणजे बाईसाहेब. असं तिला आयुष्यात कुणी म्हटलं नव्हतं.

त्याच्या पानावर तिने बरंच लिहिलं. हात सोन्याचे. पाय हलके. खाली वळणारा चेंडू दिसत नाही, उगाच बॅट फिरवतो. आईला दर रविवारी पत्र. तळाशी येऊन मात्र तिची पेन्सिल दोनदा थांबली होती.

जुलैचा शेवटचा रविवार. शुक्रवारी दुपारी तीनला खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपणार होती. मोठा संघ पहिल्या नंबरापासून दोन पावलं मागे, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच नाव, किनाऱ्यावरच्या एका संघाचा डावखुरा पिचर. सकाळी दहाला ग्लेन टॉफ्टेचा क्रीडागप्पांचा कार्यक्रम लागायचा आणि व्हर्ना त्यात न चुकता फोन करायची. योर्विस त्या वेळी स्पॅनिश प्रार्थनेला गेलेला असायचा.

"आल्या! आमच्या बिनपगारी व्यवस्थापक आल्या," ग्लेन म्हणाला. "बोला व्हर्नाबाई, आज कुणाला हाकलायचं?"

"हाकलायचं कशाला? द्यायचं. तो डावखुरा हवा असेल तर फुटकळ पोरं पुढे करून चालणार नाही. समोरचे काय दूधखुळे आहेत? आमचा शॉर्टस्टॉप देऊन टाका."

"अहो, तो तर तुमच्याच घरी राहतो ना?"

"म्हणून तर मला माहीत. हात सोन्याचे, पण खाली वळणाऱ्या चेंडूपुढे आंधळा. वरच्या पायरीवर हे महिन्याभरात उघडं पडेल. आज भाव आहे तोवर…"

"व्हर्नाबाई, तुमचा रेडिओ जरा बंद करा. आवाज घुमतोय."

"माझा रेडिओ बंदच आहे, ग्लेन."

आणि मग तिला तो ऐकू आला. तिचाच आवाज, सात-आठ सेकंदांनी मागे पडलेला, माडीवरून जिना उतरत येणारा: 'म्हणून तर मला माहीत… पुढे आंधळा… आज भाव आहे तोवर…'

पाद्री आजारी होते. त्या रविवारी प्रार्थना नव्हती. तिने फोन ठेवला. वर रेडिओ बंद झाल्याची टिचकी वाजली. थोड्या वेळाने योर्विस पिशवी घेऊन खाली आला. संघाची बस दुपारी चार दिवसांच्या दौऱ्यावर निघणार होती.

"भाकऱ्या टाकायच्या ना?" तिने विचारलं.

"भूक नाही," तो म्हणाला. नुसतं एवढंच. डोन्याही नाही, डुकरंही नाहीत.

ते चार दिवस व्हर्नाचे कसे गेले ते तिचं तिलाच ठाऊक. शाळेत कामाला असताना एकदा तिने चुकून चोरीचा आळ एका मुलीवर घेतला होता. ती मुलगी पुढे दोन वर्षं तिच्या रांगेत उभी राहिली नाही. तेच आठवत राहिलं. मतं तिची खरीच होती, त्यातला शब्द ती मागे घेणार नव्हती. पण जे माणसाच्या समोर बसून मिठाच्या डब्यांनी दाखवायचं, ते तिने अख्ख्या जिल्ह्याला आधी सांगितलं होतं. शुक्रवारी तो गेला तर हे असंच राहणार होतं.

शुक्रवारी पहाटे उठून तिने पीठ मळलं. पण बस उशिरा आली होती, योर्विस मैदानावरच झोपला होता, घरी आलाच नाही. सामना बाराचा, उन्हाळी शिबिरातल्या पोरांसाठी. व्हर्ना नेहमीच्या जागी बसली, तिसऱ्या बेसच्या मागे, मांडीवर गुणवही. शेजारी तिची मैत्रीण आर्लीन.

"काय गं, तोंड का असं?" आर्लीन म्हणाली. "तुझ्याच मनासारखं होणार बघ. पेपरात आलंय."

"गप्प बस, आर्लीन."

"रविवारी गप्प बसायचं होतंस तूच."

दुसऱ्या डावात योर्विसने खाली वळणारा चेंडू सोडून दिला. मग पुन्हा सोडला. तिसरा वर आला तो त्याने उजव्या कुंपणापर्यंत नेला. व्हर्नाची पेन्सिल हवेतच राहिली.

सहाव्या डावात शॉर्टस्टॉपच्या जागेवर भलताच पोरगा धावत गेला.

"व्हर्ना," आर्लीन हळूच म्हणाली, "मिठ्या मारतायत गं."

खेळाडूंच्या बाकाजवळ एकेक जण उठून योर्विसला मिठी मारत होता. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं: चालू सामन्यात मिठ्या म्हणजे पोरगा गेला. घोषणा नंतर होते, मिठ्या आधी.

व्हर्ना उठली. अठरा वर्षांच्या तिच्या गुणवह्यांत एकही सामना अर्धा नव्हता. तिने वही आणि पेन्सिल आर्लीनच्या मांडीवर टाकली.

"अगं, मला नाही हे लिहिता येत!"

"ये-जा करणाऱ्यांची नावं लिही. बाकी देव बघेल."

घरी पोहोचली तर संघाची गाडी दारात उभी, आणि योर्विस माडीवर पिशवीत मोजे कोंबत होता. ती जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिली. दम लागला होता.

"मी चुकले," ती म्हणाली. "बोलण्यात नाही. आधी तुला न सांगण्यात."

योर्विसने तिच्याकडे पाहिलं. "डोन्या, खरं सांगा. संघाच्या मालक तुम्ही आहात?"

"काय?"

"मी आणि अजून एक, त्या डावखुऱ्याच्या बदल्यात. तुम्ही रविवारी सांगितलं, त्यांनी शुक्रवारी केलं." तो हसला नाही, पण ओठाचा कोपरा हलला. "दोन दिवस मला खूप राग. बसमध्ये सगळ्यांना सांगितलं. आमचा कॅचर म्हणाला, 'मी राहतो त्या घरातल्या बाईला अजून माहीत नाही मी कुठल्या जागेवर खेळतो. तुझी बाई चेंडू मोजते!' मग मी विचार केला. खाली वळणारा चेंडू. चार दिवस फक्त तोच बघितला."

"आज दोन सोडलेस."

"तीन. पाचव्या डावात एक. तुम्ही बघितला नाही?"

"बघितला," व्हर्ना म्हणाली. डोळे पुसताना तो तिच्या नजरेतून निसटला होता, पण ते कशाला सांगायचं!

मग तिने खाली जाऊन जाड वही आणली आणि त्याच्या हातात दिली. तो पलंगावर बसून बोट ठेवत एकेक शब्द वाचत गेला. आईच्या पत्रापाशी थांबला. मागची पानं उलटली, दहा पोरांखालचे दहा 'द्यावा' बघितले, आणि पुन्हा आपल्या पानाच्या तळाशी आला.

"माझं रिकामं?"

व्हर्नाने त्याच्याकडून वही घेतली, पेन्सिल जिभेला लावली आणि आपल्या रकान्यात लिहिलं: 'ठेवावा'.

"डोन्या, आता उशीर झाला. कागद सही झाले."

"ते संघाचे कागद. ही वही माझी आहे."

खाली ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. योर्विस उठला, पिशवी खांद्याला लावली, आणि ती एवढीशी बाई त्याच्या मिठीत दिसेनाशी झाली. सकाळच्या भाकऱ्या तिने कापडात बांधून ठेवल्या होत्या; त्या त्याने गाडीत बसायच्या आधीच खायला घेतल्या. ट्रान्झिस्टर परत देऊ लागला तेव्हा तिने त्याचा हात मागे सारला.

गाडी वळणावर गेली तशी खिडकीतून मान बाहेर आली. "शॉर्टस्टॉप तेजीत!" तो ओरडला. "डुकरं स्थिर!"

व्हर्ना अंगणात हसत उभी राहिली. तिला तिचा पिचर मिळाला होता. ऑक्टोबरचं काय होईल ते होवो. पण या खेळाने, जो उभ्या आयुष्यात तिला नुसत्या हुलकावण्या देत आला, तिच्या रिकाम्या घरात अकरा पोरं आणून सोडली होती. आणि तिने त्याचे कधी आभार मानले नव्हते. 'हार्लन,' ती मनात म्हणाली, 'अर्धं तुझं खरं होतं. अर्ध्यावर मी भांडणारच.'

मग ती मैदानावर परतली. आठवा डाव चालू होता. आर्लीनने गुणवहीचा पार चिखल केला होता. खुणांच्या जागी चक्क वाक्यं लिहिली होती: 'चेंडू उडाला, कुणीतरी पकडला.' सहाव्या डावाच्या चौकटीत लिहिलं होतं, 'आपला पोरगा गेला. टाळ्या खूप.' व्हर्नाने खोडरबर बाहेर काढलं, आणि परत पिशवीत टाकलं.

"तो नवा कोण गं, शॉर्टस्टॉपला?"

"ओक्लाहोमाचा आहे म्हणे. आजच सकाळी आला," आर्लीन म्हणाली. "राहायला घर शोधतोय."

व्हर्नाने पुढे वाकून पाहिलं. पोरगा पायाने माती सारखी करत होता, ताटातलं सगळं खाणाऱ्यातला वाटत होता.

"अंडी कशी खातो," ती म्हणाली, "ते विचारून ठेव."