भाडं ऐकून फोन ठेवणारे

शहाद्यात काकांच्या ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात मी फोन घेते. दोन स्लीपर गाड्या आहेत, शहादा ते राजकोट. इंग्रजी शाळेत शिकलेली, कमी बोलणारी पुतणी काउंटरवर बसली तर गिऱ्हाइकाशी निदान भांडणार नाही, असं काकांना वाटलं होतं. अहिराणी मला सगळी समजते. बोलताना अडखळते, म्हणून मी ऐकतच जास्त असते.

डोंगरातली कुटुंबं दिवाळीनंतर सौराष्ट्रात शेतमजुरीला जातात आणि होळीला काहीही करून घरी येतात. काकांचा धंदा या ‘काहीही करून’वर चालायचा. होळीच्या आधीचे दोन दिवस भाडं दुप्पट. बुकिंगचं ॲपही तेच सुचवायचं. लाल बाण वर गेला की काका खूश.

“देख, कम्प्युटर बी मन्हासारखंच सांगी ऱ्हायना!”

पण गेल्या वर्षी नेमक्या त्याच दोन दिवशी गाड्या अर्ध्या रिकाम्या आल्या. का, ते रजिस्टर सांगत नव्हतं. रजिस्टरात आलेल्यांचीच नावं असतात. ज्यांनी भाडं ऐकून फोन ठेवला, ते कुठेच नव्हते. त्यांचे आवाज फक्त मी ऐकले होते.

यंदा संक्रांतीनंतर मी वेगळी वही केली. कुठून फोन, माणसं किती, तारीख कोणती, नकार कशाला. अनोळखी माणसाला एवढे प्रश्न विचारायचे म्हणून मी ते आधी कागदावर लिहून समोर ठेवायचे. चाळीस माणसं एकदम आणणारा एक मुकादम तर हसलाच.

“ताई, होळी होळी काय करता? कोणत्या गावाची होळी? आमची दोन दिवस आधी पेटते. माझ्या सासरवाडीची तीन दिवसांनी. तुमच्या गाडीला माहीत नाही काय?”

गाडीला नव्हतं. ॲपलाही नव्हतं. मी याच जिल्ह्यात वाढले, पण मलाही नव्हतं; शाळेची सुट्टी सगळ्यांना एकाच दिवशी असायची. काकांना मात्र माहीत होतं. वेगवेगळ्या गावांच्या होळ्या बघायला ते दरवर्षी जीप काढून जातात. त्या होळ्या आणि भाडं या दोन गोष्टी त्यांनी कधी एकत्र ठेवल्या नव्हत्या.

मी गावांप्रमाणे तक्ता केला. मागणी दोन दिवसांची नव्हतीच, नऊ दिवसांवर पसरलेली होती. आधीच्या दिवसांत जागा नाही म्हणून आम्ही माणसं परत पाठवत होतो आणि शेवटच्या दोन दिवसांत दुप्पट भाडं सांगून उरलेली घालवत होतो. मी काकांना म्हटलं, नऊही दिवस एकच भाडं, फेऱ्या गावांच्या होळीप्रमाणे, मांडीवरच्या मुलाचं तिकीट नाही. आणि परतीचं तिकीट त्याच भाड्यात, येतानाच काढता येईल.

“तू फोनवर गप्पा मारी ऱ्हायनी का धंदा करी ऱ्हायनी?” काका म्हणाले. मग त्यांनी तक्त्यातली गावं बोट ठेवून एकेक वाचली. “कर. पन गाडी रिकामी उनी ना, तर भाडं तुन्हा भाऊ ठरावई. तू फक्त फोन उचलानं.”

चुलतभाऊ मागे मोबाइलवर होता. “आत्तेच दी टाक ना मन्हाकडे,” तो हसून म्हणाला. मी नऊ दिवसांचं भाडं ॲपमध्ये टाकलं. लाल बाण आला, तो मी बंद केला.

गाड्या भरून आल्या. एका फेरीत चार जागा रिकाम्या होत्या, त्याही मी वहीत लिहिल्या. काकांनी मला शाबासकी दिली नाही. होळ्या संपल्यावर ते काउंटरशी उभे राहिले.

“आते परतीनं भाडं वाढाव. त्यासले जानंच शे.”

“ज्यांनी येतानाच परतीचं काढलंय, त्यांना वाढवता येणार नाही.”

“बाकीनासले वाढाव.”

“त्यांनाही नाही.”

“पोरी, गाड्या मन्ह्या शेत.”

“गाड्या तुमच्या आहेत, काका. रिकामी आली तर भाडं भाऊ ठरवेल, हे तुम्हीच म्हणाला होता. रिकामी आलेली नाही.”

तेवढ्यात फोन वाजला. एक बाई विचारत होती, सहा माणसं, सोमवारी राजकोट, किती? काका माझ्या तोंडाकडे बघत होते. मी तेच भाडं सांगितलं, सहाही जणांची नावं विचारली आणि एकेक लिहायला लागले.