लाकडी सांगाड्याची विमानं

विलायतेतल्या एका विमान कंपनीनं माझे श्रोते पळवले. हे मी गंमत म्हणून लिहीत नाही.

त्या काळी, संस्थानी राजवटीत, आमच्या औरंगाबादेत चार माणसांपुढं तोंड उघडायचं तर आधी अर्ज लागे. मजमून म्हणजे विषय लिहा, मजकूर उर्दूत जोडा, तालुकदार कचेरीची इजाजत आली तर बोला. वाचनालयातल्या भाषणासाठी मी वेठबिगारीवर अर्ज केला. नामंजूर. शाळांवर केला. नामंजूर. शेवटी नुसतं ‘स्वच्छता’ लिहिलं, तर कारकुनानं माझं नाव पाहूनच कागद परत केला. आणि माझ्याच वर्गातल्या, उंची हिमरू कापडाच्या व्यापाऱ्याच्या पोरानं ‘एका विमान कंपनीचा इतिहास व तिची मॉडेलं’ असा अर्ज टाकला, त्याला हातोहात इजाजत!

पत्रकं वाटताना दंडुके आम्ही खायचे आणि ह्यानं कडक शेरवानी घालून विमानं उडवायची! माझा जळफळाट झाला.

तरी गेलो. वाचनालयात पाय ठेवायला जागा नव्हती. मी बोलावल्यावर कधी न फिरकलेले मुकुंदवाडीचे शेतकरी गाड्या सोडून आले होते. कधीमधी त्यांच्या शेतांवरून विमान जाई ना! मला दारात पाहताच तो व्यासपीठावरून ओरडला, “या पत्रकवाले, पुढं या! आज नुसतं ऐकायचं, वाटायला काही नाय!”

सगळे हसले. दाराशी खुर्ची टाकून बसलेला अमीन, म्हणजे पोलिसांचा अधिकारी, तोही हसला.

व्यापाऱ्याच्या पोरानं सुरुवात केली. कंपनीचं पहिलं विमान लाकडी सांगाड्याचं, वर कापड ताणलेलं. ते कसं, हे त्यानं हिमरूचा तुकडा दोन काड्यांवर ताणून दाखवलं. मग एकावर एक पंख असलेलं शिकाऊ वैमानिकांचं मॉडेल, मग टपालाचं, मग दोन इंजिनांचं, प्रवासी नेणारं. प्रत्येकाचं नाक, शेपूट, चाकं तो हवेत बोटांनी काढी आणि लोकांच्या माना त्याच्या बोटामागं फिरत. माझ्या बिनइजाजती भाषणात लोकांच्या माना फिरायच्या त्या फक्त दाराकडं.

मला राहवलं नाही. उभा राहिलो. “तुमची ही विमानं कुणाच्या घामावर उडतात, ते सांगा की!”

अमीन ताडकन उठला. “मजमून के बाहर! जलसा बंद!”

वाचनालयाचे चिटणीस पांढरेफटक पडले. एकदा कुलूप लागलं की ते निघत नसे, हे सगळ्यांना ठाऊक. पण व्यासपीठावरून तो शांतपणे म्हणाला, “हुजूर, सवाल मजमूनातलाच आहे. यांना विचारायचंय, कंपनीनं लाकडाचं मॉडेल सोडलं का. व्हय ना, पत्रकवाले?”

मी दात आवळून म्हणालो, “व्हय.”

“तर ऐका. कापड फाटलं, कंपनीनं ठिगळ लावलं. पुन्हा फाटलं, पुन्हा ठिगळ. वरून रंग चोपडला. पण आतला सांगाडाच कुजला, तर वरून अस्सल हिमरू लावा, ते उडायचं नाय. मग मालकाला किती का प्यारं असेना, ते मॉडेल मोडीत काढावंच लागतं.” त्यानं हातातली काडी मोडली.

मग मागून एक शेतकरी म्हणाला, “लई खरं हाय.” आणि टाळ्या थांबेनात. अमीन खुर्चीत बसत मान डोलावत होता. “बिल्कुल दुरुस्त.”

माझ्या एवढ्या पत्रकांत जे मावलं नव्हतं, ते ह्यानं काडी मोडून सांगितलं होतं, तेही अमीनाची दाद घेऊन! गुलमंडीच्या बाजारात पुढं कितीतरी दिवस लोक एकमेकांना म्हणत, “सांगाडा कुजलाय, मियाँ.” म्हणणाऱ्या प्रत्येकाचा मला राग येई. ते वाक्य माझं असायला हवं होतं.

मीही अर्ज टाकला, दुसऱ्याच्या नावानं: ‘पाण्यावर उतरणारी विमानं बनवणारी कंपनी.’ इजाजत आली! आणि मग लक्षात आलं, त्या विमानांची एक शेपूटसुद्धा मला माहीत नाही.

शहरात ते माहीत असणारा एकच होता. गेलो त्याच्या घरी. त्यानं दार उघडलं, माझ्या हातातली इजाजत वाचली आणि खो खो हसला.

“अम्मी, चहा टाक. पत्रकवाले शिकायला आलेत.”

मी आत जाऊन बसलो. अजून जळतच होतो.