पक्का भरवसा

पहिल्या निवडणुकीच्या सुमारास हुमनाबादच्या मोटारीत एक गृहस्थ रोज माझ्या शेजारी बसत. नाव मी कधी विचारलं नाही. स्वभावानं मऊ माणूस. बाई चढली की उठून जागा देत, सुपारी कातरली की पहिलं खांड शेजाऱ्याला. रस्त्याकडेला एक विहीर लागे. पोलीस ॲक्शनच्या दिवसांत जमावानं मोमीन विणकरांच्या गल्लीतली माणसं मारून तिच्यात टाकली होती. ती जवळ आली की सगळी मोटार दुसरीकडे बघे, आणि ह्यांचा अडकित्ता जोरात वाजू लागे.

त्या जमावाच्या पुढे चाललेला माणूसच आता धर्मरक्षणाच्या नावावर मतं मागत होता. एकदा मी हळूच विचारलं, "अप्पा, ह्याच्यावर भरवसा ठेवावा का?"

ते हसले. "मास्तर, त्यानं काय केलं ते आपल्याला म्हाईत हाय. आपण दारं लावून बसलो, ते त्याला म्हाईत हाय. इतका पक्का भरवसा सोयऱ्यातबी न्हाई. दुसरा कुणी आला अन् त्यानं चौकशी लावली, मंग काय सांगणार तुमी?"

जमाव आला त्या दिवशी शेजारच्या विणकराची बायको माझं दार ठोठावत होती, आणि मी आतून कडी दाबून उभा होतो.

मत मी त्याच पुढाऱ्याला दिलं. मनात एकच होतं, चौकशी नको. तो निवडून आला, तेव्हा मला हायसं वाटलं.