यासीनभाईंचा दर्या

यासीनभाई गेल्याचं मला केजच्या बस स्टँडवर कळलं, आणि मनात पहिल्यांदा आलं ते हेच की, त्यांची माफी मागायची राहून गेली... चाळीस दिवस उलटले, तरी ते मनातून जात नाही.

दिवसभर ते मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात तारा गुंडाळत बसत, संध्याकाळी क्लॅरिनेट काढत. आमचा सातजणांचा ऑर्केस्ट्रा त्यांचाच. मी शाळामास्तर, अकॉर्डियन वाजवायचो. लग्नात पंगत बसली की गाणी थांबायची आणि त्यांनी बांधलेली बिनशब्दांची धून सुरू व्हायची. तिचं नाव ‘दर्या’. व्हायोलिनं हळूहळू उचलत न्यायची, क्लॅरिनेट वर चढायचं, आणि लाट फुटायच्या जागी ढोलकवाला सुपातली ज्वारी अलगद कलती करायचा. मग चार मात्रा सगळे गप्प. त्या चार मात्रांत वाढपीसुद्धा थबकायचे. समुद्र आमच्यापैकी कुणीच पाहिला नव्हता, यासीनभाईंनीही नाही.

पुढं माझ्या मुलीची बदली रत्नागिरीला झाली आणि मी आठ दिवस समुद्र बघून आलो. दुकानात गेलो, तर त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं.

“मास्तर, तुमी डोळ्यानं पाह्यलंय. खरं सांगा, आपला दर्या तसाच हाय का?”

मास्तरकी अंगात मुरलेली. म्हणालो, “लाट बरोबर हाय. पण समुद्र कधी गप बसत न्हाई, यासीनभाई. त्या चार मात्रा चुकल्यात.”

“बरं झालं सांगितलंत,” एवढंच ते म्हणाले. पुढच्या लग्नात त्यांनी ती जागा व्हायोलिनांनी भरून काढली. धुनेत नुसती गर्दी झाली, पंगतीत कुणी मान वर केली नाही. दोन-तीन लग्नांनंतर त्यांनी ती वाजवणंच सोडलं. मला सगळं दिसत होतं, वाईटही वाटत होतं, पण ‘माझं चुकलं’ हे दोन शब्द कधी तोंडातून निघाले नाहीत.

परवा भाभींना भेटायला गेलो. बोलता बोलता ‘दर्या’चा विषय निघाला.

“ते तर धरणावर बसून बांधलं होतं त्यांनी,” भाभी म्हणाल्या. “दर शुक्रवारी जायचे. लाट दगडावर फुटली की बोटांवर मोजायचे. म्हणायचे, पाणी इथं दम खातंय.”

घरी न जाता मी तसाच मांजरा धरणावर गेलो. लाट आली, दगडांवर फुटली. मी मोजलं... चार. मग मला तिथं बसवेना. यासीनभाईंनी त्या दिवशी एवढं सांगितलं असतं, तर मी मुकाट ऐकलं असतं. पण खरा समुद्र पाहून आलेल्या माणसापुढं त्यांनी आपल्या धरणाचं नावच काढलं नाही.