मित्राची सही

कळंबोलीत माझ्या टेम्पोचं वेल्डिंग करणारा हा माणूस समोरच्याचं बोलणं संपायच्या आत ‘नाय’ म्हणतो. कॅनडातल्या एका लहानशा गावातल्या मित्रानं त्याच्या तिथं स्थायिक व्हायच्या अर्जासाठी लिहून दिलंय, की हा आमच्याच गावात राहील. परवा पनवेलच्या व्हिसा एजंटकडे आम्ही शेजारी बसलो होतो, मी मुलीच्या तसल्याच अर्जासाठी. एजंट त्याला म्हणाला, “एकदा पोचलात की मोठ्या शहरात सटका. सगळे तेच करतात.”

“नाय. त्यानं सही केलीय. मी पलालो तर पुढच्या वेळी त्याचा शब्द कोन मानंल?”

“मग बसा तिकडे बर्फ उपसत.”

“उपसीन. हात हायेत मला.”

फाईल काखेत मारून तो उठला आणि माझ्याकडे वळला. “काका, तुमच्या पोरीसाठी पन कुनीतरी सही केलीच असंल.”