लेकीकडून आणलेलं वजन

एखादी बाई अंगाने भरून घरी परतली, की तुमच्या तोंडून आधी काय निघतं?

आमच्या घरमालकीण काकू महिनाभर लेकीकडे राहून नागपूरहून आल्या. रिक्षातून उतरतानाच पदर पोटावर ओढत म्हणाल्या, "आजपासून माझं रात्रीचं जेवण बंद." तेवढ्यात वरच्या खोलीतली, घानाहून शिकायला आलेली एफुआ जिना उतरली आणि आनंदाने ओरडली, "काकू, किती छान जाड झालात!"

मी तिला चिमटा काढला. "अगं, असं म्हणत नाहीत."

"का? आमच्याकडे म्हणतात. लेकीने आईला जीव लावला, हे दिसतंय ना!"

काकूंच्या हातातला पदर सुटला. "रोज गरम पोळी वाढायची गं. मला ओट्यापाशी उभं राहू दिलं नाही तिने."

गुटगुटीत बाळाचं आपण कौतुक करतो आणि तेच सुख त्याच्या आईच्या अंगावर दिसलं, की टोमणे मारतो. हा कुठला न्याय? त्यापेक्षा एफुआच्या गावची रीत मला कितीतरी शहाणी वाटते.

त्या रात्री काकू आमच्यासोबत पोटभर जेवल्या.

तुम्हालाही अशी कुणी भेटली, तर तिला गरम पोळी कोणी वाढली, ते आधी विचारा.