अप्पांकडून आलेले हात

रावमामा जिना चढतायत हे आधी कानांना कळायचं. दवऱ्यात, म्हणजे पसरट वाटीत, ठेवलेला कॉफीचा टंबलर खडखडत वर यायचा आणि त्याच्यामागून मामा. मी घ्यायला धावले की दटावायचे, "बस गं पोरी! हात माझे नव्हेत, अप्पांचे. मी वापरतोय इतकंच."

मी साताऱ्याहून नोकरीसाठी चेन्नईत आलेली भाडेकरू, आणि ते अण्णा नगरातले माझे घरमालक, पिढ्यान्‌पिढ्यांचे तंजावरी मराठी. माझ्या मराठीला ते 'पुस्तकातली भाषा' म्हणत आणि स्वतः तीन वाक्यांत दोनदा तमिळमध्ये जाऊन येत.

त्यांचे अप्पा, म्हणजे वडील, घड्याळजी. घोटभर घेतली की हात तासभर स्थिर राहायचा, म्हणून आधी कामापुरती घेत. पुढे काम सुटलं, दारू राहिली. लोक म्हणायचे, दारूनं हात कापतात. मेंदूच्या डॉक्टरांनी मामांना उलटं समजावलं: कंप वाडवडिलांकडून आला, दारू मागाहून आली. व्यसनाची ओढही काही घराण्यांत जास्त असते, पण ती प्रत्येकाला गाठतेच असं नाही. तरुणपणी मामांनीही एकदा घेऊन पाहिली होती. "हात असा थांबला, की भीतीच वाटली," ते म्हणाले. पुन्हा शिवले नाहीत.

त्यांचा मुलगा कार्तिक दातांचा डॉक्टर होत होता, आणि त्याचे हात कापायला लागले. एका संध्याकाळी तो घरी आला तेव्हा हात अगदी स्थिर होते आणि तोंडाला वास येत होता. मामी रडायलाच लागल्या. मला वाटलं, आता मामा त्याची सालटी काढणार. त्यांनी त्याला शेजारी बसवलं. "बरं वाटलं ना, कण्णा? मलाही वाटलेलं. म्हणूनच सांगतो, उद्या डॉक्टरकडे जाऊ."

गोळ्यांनी कंप कमी झाला, गेला नाही. कार्तिकनं दात काढणं सोडून एक्स-रे वाचण्याचं काम धरलं. पण ओढ अशी सुटते थोडीच! रोज संध्याकाळी मामा त्याला फिरायला न्यायचे. उपदेश नाही, नुसतं क्रिकेट. एवढा धीर मी दुसऱ्या कुठल्या बापात पाहिला नाही. मला त्या माणसाचा फार अभिमान वाटायचा.

गेल्या वर्षी मामा गेले. मी तोवर साताऱ्याला परतले होते, तिथून तेराव्याला पोचले. कार्तिक पळीनं पाणी सोडत होता आणि ते ताम्हनाबाहेर सांडत होतं. मागे बसलेले एक नातेवाईक कुजबुजले, "आजसुद्धा प्यायलाय की काय?"

कार्तिकनं ऐकलं. मान न वळवता तो म्हणाला, "नाही काका. प्यायलो नाही, म्हणूनच कापतायत."